मानवशास्त्राची पदवी : खर्च किती, हाती काय? गावाकडच्या घरांनी आधी करायचा हिशेब

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागले की पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव, राळेगाव, झरी जामणी या भागातल्या पोरापोरींपुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो. आता पुढं काय? काही बी.एड.कडे वळतात, काही पोलीस भरतीच्या मैदानावर जातात आणि काही थेट पुण्याची बस पकडतात. पुण्याला जाणाऱ्यांच्या तोंडी अलीकडं एक नवीन नाव ऐकू येतं आहे, ते म्हणजे मानवशास्त्र. क्लासवाले त्याला इंग्रजीत ‘अँथ्रोपॉलॉजी’ म्हणतात आणि गावात पोचेपर्यंत त्याचं ‘अँथ्रो’ झालेलं असतं.

याला कारण आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं राज्यसेवा मुख्य परीक्षेचा जुना पर्यायी उत्तरांचा साचा बदलला आणि २०२५ च्या परीक्षेपासून केंद्रीय आयोगासारखा वर्णनात्मक साचा आणला. त्यामुळं वैकल्पिक विषय आला आणि त्या विषयांच्या यादीत मानवशास्त्र आहे. ‘अभ्यासक्रम आटोपशीर, मार्क चांगले’ अशी त्याची जाहिरात होते. त्यातून बऱ्याच घरांत असा समज झाला आहे, की पोरगं पुण्यात मानवशास्त्रात एम.ए. करेल, त्यातच राज्यसेवेचा अभ्यास होईल आणि एका तिकिटात दोन्ही गावं होतील.

हा समज तपासून घेतला पाहिजे. कारण यात घरचे अडीच-तीन लाख रुपये आणि पोराची ऐन उमेदीची दोन वर्षं गुंतणार आहेत.

पदवी वेगळी, वैकल्पिक विषय वेगळा

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. स्पर्धा परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय घ्यायला मानवशास्त्राची पदवी लागत नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर तो घेऊ शकतो. केंद्रीय आयोगाच्या २०१७ च्या नागरी सेवा परीक्षेत देशात पहिले आलेले अनुदीप दुरीशेट्टी यांचा वैकल्पिक विषय मानवशास्त्र होता. ते शिकले होते अभियांत्रिकी. शेजारच्या तेलंगणातल्या मेटपल्ली या छोट्या गावचे ते. त्यांनी मानवशास्त्रात एम.ए. केलेलं नव्हतं.

वैकल्पिक विषयाचे दोन पेपर असतात, २५० गुणांचा एक. म्हणजे लेखी परीक्षेच्या १,७५० गुणांपैकी ५०० गुण या विषयाचे. बाकीचे गुण निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर यांतून यायचे आहेत. शिवाय केंद्रीय नागरी सेवेच्या जागा २०२४ च्या जाहिरातीत १,०५६ होत्या, २०२५ ला ९७९ होत्या. अर्ज करणारे लाखांनी. एवढ्या अरुंद दारासाठी दोन वर्षांची पदवी घेणं म्हणजे विहिरीला पाणी लागेल या भरवशावर आधीच पाइपलाइन टाकून ठेवण्यासारखं आहे. लागलं तर ठीक, नाही लागलं तर पाइप तेवढे उरतात.

म्हणून ज्याला फक्त परीक्षेसाठी हा विषय हवा आहे, त्यानं पदवीच्या फंदात पडायचं कारण नाही. पुस्तकं घ्यावीत, जुने पेपर सोडवावेत, बस्स. पदवीचा विचार वेगळ्या कारणासाठी करायचा. तो विषय मनापासून शिकायचा असेल आणि त्याच क्षेत्रात काम करायचं असेल, तरच. आणि तो विचार करताना पैशाचा हिशेब वेगळा मांडायचा.

हा विषय आहे तरी काय

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा सगळ्या बाजूंनी अभ्यास. शरीर, रक्तगट, आनुवंशिकता हा एक भाग. नातीगोती, लग्नाच्या पद्धती, कुळं, देवदैवतं, भाषा हा दुसरा. जुन्या वस्त्यांचे आणि हत्यारांचे अवशेष हा तिसरा. समाजशास्त्राशी त्याचं नातं जवळचं आहे, पण याची खरी ओळख म्हणजे क्षेत्रकार्य. लोकांमध्ये जाऊन महिनोन्‌महिने राहायचं, त्यांची भाषा शिकायची, बघायचं, ऐकायचं आणि लिहायचं.

महाराष्ट्रात या विषयाचं मोठं नाव इरावती कर्वे. त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलं आणि भारतातल्या नातेसंबंधांवर १९५३ साली ग्रंथ लिहिला. ‘युगान्त’मुळं मराठी वाचकाला त्या माहीत आहेत. पण त्यांनी जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. धरणात गाव गेल्यावर माणूस कुठं जातो, त्याच्या नात्याचं, शेतीचं काय होतं, हे त्या पाहणीत होतं. निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या विरोधात इतकी वर्षं भांडणाऱ्या गावांना हा विषय काय कामाचा, हे त्यावरून समजेल.

पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. तिथल्या राजगोंडांवर ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात काम केलं. निजाम सरकारचा सल्लागार म्हणून मारलावाई गावात त्यांनी गोंड मुलांसाठी शिक्षणाचं कामही उभं केलं. पुढं त्यांच्या पत्नीची समाधीही त्याच गावात झाली. म्हणजे हा विषय आपल्या उंबऱ्याशी येऊन गेलेला आहे. फक्त आपली पोरं त्यात अभ्यासक म्हणून कमी होती आणि ज्यांचा अभ्यास होतो अशी माणसं म्हणून जास्त.

कुठं शिकता येतं

जिल्ह्यातल्या कला महाविद्यालयांत इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र मिळतं. मानवशास्त्र बी.ए.ला मिळेल अशी महाविद्यालयं राज्यातच बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळं आपल्याकडचा विद्यार्थी या विषयाकडं जातो तो बहुधा थेट एम.ए.ला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आहे आणि पांढरकवड्यावरून जाणारा ४४ नंबरचा महामार्ग सरळ हैदराबादलाच जातो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात. तिचा अर्ज पदवीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी भरावा लागतो. निकाल लागल्यावर चौकशीला निघणारी पोरं इथंच वर्ष गमावतात.

इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातूनही मानवशास्त्रात एम.ए. करता येतं. घरी राहून, वावर सांभाळून करायचं असेल तर तो स्वस्त मार्ग. पण या विषयात सोबत राहून शिकणं, शिक्षकासोबत फिरणं यालाच किंमत आहे, ते त्यात कमी पडतं.

आणखी एक अडचण भाषेची. राज्यसेवा मराठीत देता येते, केंद्रीय परीक्षाही मराठीत लिहिता येते. पण विद्यापीठातली पुस्तकं, लेख, चर्चा बहुतेक इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या पोराचे पहिले सहा महिने यातच जातात. तयारी असेल तर अडत नाही, पण माहीत असावं.

खर्च : शुल्क कमी, राहणं भारी

सरकारी विद्यापीठाच्या विभागात शुल्क फार नसतं, हजारांच्या घरात असतं. खरा खर्च खोलीचा आणि मेसचा. खाली मांडलेला हिशेब अंदाजाचा आहे. ज्यानं त्यानं त्यात आपले आकडे घालून पाहावेत.

पुण्यात भागीदारीतली खोली, मेस, बसचा पास आणि वरखर्च मिळून महिन्याला ८,५०० रुपये धरू. वर्षाचे दहा महिने, दोन वर्षं. झाले १ लाख ७० हजार. शुल्क, परीक्षा, क्षेत्रकार्याचा प्रवास, गावाकडच्या फेऱ्या मिळून वर्षाला २० हजार, म्हणजे दोन वर्षांचे ४० हजार. एक साधा लॅपटॉप ४० हजार. एकूण अडीच लाख.

आता हे अडीच लाख कापसात मोजू. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. म्हणजे जवळपास ३१ क्विंटल कापूस. कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल धरला तर सहा एकरांचं अख्खं एका हंगामाचं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च वजा न करता आणि हमीभाव पूर्ण मिळाला असं मानून. बोंडअळी, परतीचा पाऊस आणि व्यापाऱ्याचा भाव हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला यातलं अंतर सांगायला नको.

आणि एवढ्यावर हिशेब संपत नाही. पोरगं दोन वर्षं शिकतं तेव्हा ते कमावत नसतं. गावातच राहून एखाद्या दुकानात, कृषी केंद्रात, संगणक केंद्रात महिना १२ हजार मिळवले असते असं धरलं, तर दोन वर्षांत २ लाख ८८ हजार झाले असते. तो पैसा कुणी खिशातून काढून देत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. पण तो खर्चच आहे. दोन्ही मिळून आकडा ५ लाख ३८ हजारांवर जातो.

शिष्यवृत्तीनं किती भार हलका होतो

इथं घराघरात फरक पडतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना या योजनांतून जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम ठरलेली आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आली. बंजारा समाजातल्या पोरांना ती लागू पडते. पण तिथं लाभार्थ्यांची संख्या ठरलेली असते, गुणवत्तेनं यादी लागते.

ही रक्कम मिळाली तर दोन वर्षांत १ लाख २० हजारांचा भार उतरतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पैसा वेळेवर येत नाही ही तक्रार जुनी आहे. मेसवाला आणि घरमालक मात्र महिन्याच्या महिन्याला मागतात. म्हणजे पहिल्या सात-आठ महिन्यांची सोय घरानंच करून ठेवावी लागते. दुसरं, पोरींच्या पूर्ण शुल्कमाफीचा जो निर्णय २०२४ मध्ये झाला, तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. त्या भरवशावर एम.ए.चा हिशेब मांडू नये.

कर्ज काढायचं झालं तर केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. निवडक वरच्या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण न ठेवता शैक्षणिक कर्ज आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजाची सवलत, असं तिचं स्वरूप आहे. पण कर्ज ते कर्जच. ज्या घराच्या सातबाऱ्यावर आधीच पीककर्जाचा बोजा आहे, त्यानं मानवशास्त्रासाठी दुसरं कर्ज काढू नये. या पदवीनंतर पहिल्याच वर्षी ठरलेला हप्ता सुरू करता येईल, अशी नोकरी पक्की नसते.

नोकऱ्या आहेत, पण नावावर नाहीत

या विषयाला सरकारी जागा अजिबात नाहीत असं नाही. भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण ही केंद्राची संस्था १९४५ पासून आहे. तिचं मुख्यालय कोलकात्याला आणि मध्य विभागाचं केंद्र आपल्या नागपुरात. १९८५ पासून के. एस. सिंग यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेनं देशातल्या ४,६०० हून अधिक समाजांची नोंद करणारा मोठा प्रकल्प केला. पण तिथल्या जागा मोजक्या आणि जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते. आदिवासी विकास विभागात संशोधनाची पदं असतात.

मेख अशी आहे, की अशा पदांच्या जाहिरातीतली शैक्षणिक अर्हता वाचली तर बऱ्याच ठिकाणी इतर सामाजिक शास्त्रंही चालतात, कधी कुठलीही पदवी चालते. म्हणजे मानवशास्त्रवाला रांगेत उभा राहू शकतो, पण रांग त्याच्यासाठी राखीव नसते. शिक्षकाची वाटही बंद. शाळेत आणि आपल्याकडच्या कनिष्ठ महाविद्यालयांत हा विषय नाही, त्यामुळं बी.एड. करूनही मानवशास्त्राचा शिक्षक म्हणून जागा निघत नाही.

उरतं ते सामाजिक संस्था, आरोग्य प्रकल्प आणि सर्वेक्षणं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं आणि हा आजार विदर्भातल्या आदिवासी व इतर समाजांत आहे. अतिमागास आदिवासी जमातींसाठी पीएम जनमन ही योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. महाराष्ट्रात अशा जमाती तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातले कोलाम आपल्याच जिल्ह्यात आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं सामाजिक परिणामांचं मूल्यांकन आणलं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक दावे आणले, ज्यात गडचिरोलीचं मेंढा लेखा २००९ साली पहिल्या गावांत होतं. हे सगळं काम क्षेत्रकार्याचं आहे. पण यातल्या बहुतेक नेमणुका कंत्राटी. प्रकल्प अकरा महिन्यांचा किंवा दोन वर्षांचा. तो संपला की पुन्हा अर्ज.

संस्थांच्या जाहिरातींत समाजकार्याच्या पदवीचा उल्लेख जास्त दिसतो, म्हणजे एम.एस.डब्ल्यू. ती पदवी जिल्ह्यातच राहून करता येते. खेड्यात, दवाखान्यात, समुपदेशनात काम करायचं असेल तर तिचा दर आज मानवशास्त्रापेक्षा चांगला आहे. हे कडू वाटलं तरी खरं आहे.

परतफेडीचं गणित

मघाचाच हिशेब पुढं नेऊ. एम.ए. झाल्यावर एखाद्या प्रकल्पात महिना २२ हजारांची नोकरी लागली असं धरू. गावात राहून १२ हजार मिळाले असते. फरक महिना १० हजार, वर्षाला १ लाख २० हजार. ५ लाख ३८ हजार भरून निघायला साडेचार वर्षं लागतात. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर साडेतीन वर्षं. हे वाईट नाही.

पण नोकरी कंत्राटी असेल आणि वर्षातले आठच महिने काम मिळालं तर? वर्षाची कमाई १ लाख ७६ हजार. गावातल्या बाराही महिन्यांच्या नोकरीचे १ लाख ४४ हजार. फरक फक्त ३२ हजार. मग तोच खर्च भरून निघायला जवळपास सतरा वर्षं लागतात, शिष्यवृत्ती मिळूनही तेरा. पगाराचा आकडा दोन्हीकडं २२ हजारच आहे. फरक पडला तो कामात पडणाऱ्या खंडामुळं.

म्हणून सल्ला देणाऱ्याला ‘पगार किती’ विचारण्याआधी ‘वर्षातले किती महिने’ हे विचारावं. आपल्याकडं मजुरीचा दरही असाच बघतात. रोज किती यापेक्षा हंगामात किती दिवस काम लागतं, यावर घर चालतं.

सगळा खेळ जेआरएफचा

या विषयात एक दार असं आहे, जे उघडलं तर वरचा सगळा हिशेब बदलतो. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ. २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७ हजार आहे, दोन वर्षांनी ४२ हजार, घरभाडं वेगळं. पहिल्या दोन वर्षांतच ८ लाख ८८ हजार होतात. वयाची अट ३० वर्षं, राखीव गटांना आणि महिलांना सवलत. बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन संस्था यांच्याही अधिछात्रवृत्त्या पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहेत.

पण अधिछात्रवृत्ती पाच वर्षांनी संपते. पुढं प्राध्यापकी हवी तर विषयाचे विभागच थोडे, जागा त्याहून थोड्या. यूजीसीनं २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५० हजार असा दर सांगितला. राज्यात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या हातात त्याच्या जवळपासही पडत नाही, हे नेट-सेटधारकांच्या प्रत्येक आंदोलनात ऐकायला मिळतं. म्हणजे तिशी गाठलेला पीएच.डी. झालेला माणूस पुन्हा तासावर. ज्याच्या घरी वावर आहे, आईबाप कष्ट करतात, तो तग धरतो. नसेल त्याचे हाल होतात.

परदेशात शिकण्याचा विचार करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन त्यातून वगळलं. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन मजुरांच्या मुलांसाठी. ज्यांच्या वस्तीचा अभ्यास आजवर दुसऱ्यांनी केला, त्यांनाच आपल्या समाजाचा अभ्यास करायला सरकारी पैशानं बाहेर जाता येत नाही, असा त्याचा अर्थ झाला. मानवशास्त्र घेणाऱ्याला याचा फटका सरळ बसतो.

आपल्या पोरांकडं काय जास्त आहे

हिशेबाच्या दुसऱ्या बाजूलाही काही आहे आणि ते बाजारात विकत मिळत नाही. कोलामी, गोंडी, गोरमाटी या भाषा बोलणारी पोरं या तालुक्यांत आहेत. शहरातल्या संशोधकाला ज्या भाषेसाठी वर्ष घालवावं लागतं, ती इथल्या पोराला आईकडून मिळालेली असते. आजवर काय झालं? शेतकरी आत्महत्यांवर, कुपोषणावर, आदिवासींवर अभ्यास करायला बाहेरून गाड्या आल्या. गावचं पोरगं वाट दाखवायला आणि दुभाषा म्हणून सोबत गेलं. दिवसाची मजुरी आणि जेवण मिळालं. अहवालावर नाव मात्र दुसऱ्याचं लागलं.

या अहवालांवरून निर्णय होतात, हे विसरून चालणार नाही. जमात प्रमाणपत्राच्या पडताळणीत जी आप्तभाव चाचणी लावतात, ती मानवशास्त्रातूनच आली. देव कोणते, लग्नात काय करता, बोली कोणती, असं विचारून माणूस त्या जमातीचा आहे की नाही हे ठरवलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं, की ही चाचणी म्हणजे एकमेव कसोटी मानता येणार नाही. माणसं स्थलांतर करतात, शिकतात, रीतीभाती बदलतात. हे ज्याला आतून माहीत आहे असा अभ्यासक त्या खुर्चीत बसला, तर एखाद्या पोराचं प्रवेशाचं वर्ष वाचू शकतं. पेसा आणि वनहक्काच्या कामातही तसंच. ग्रामसभेचा ठराव, जंगलाची जुनी हद्द, देवराईचं नाव हे ज्याच्या घरातलं आहे, तो ते नीट लिहू शकतो.

म्हणून ‘हे शिकून काय करणार’ एवढं म्हणून विषय झटकून टाकणंही बरोबर नाही. प्रश्न इतकाच, की ही किंमत एकट्या घरानं किती मोजायची.

कुणी जावं, कुणी थांबावं

वरच्या हिशेबातून काही गोष्टी सरळ दिसतात. ज्याला फक्त स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, त्यानं पदवी घेऊ नये, विषय घ्यावा. ज्याला लवकर आणि जिल्ह्यातच नोकरी हवी, त्याच्यासाठी समाजकार्य जवळचं. ज्या घरात कर्ज आहे आणि शिष्यवृत्ती लागू नाही, त्यानं आधी मुक्त विद्यापीठाचा विचार करावा किंवा एखाद्या सर्वेक्षणात सहा महिने काम करून हे आपल्याला झेपतं का ते बघावं.

ज्याला वसतिगृह किंवा स्वाधार-स्वयंम-आधार मिळण्याची खात्री आहे, इंग्रजी वाचायची तयारी आहे, पहिल्या वर्षापासून नेटचा अभ्यास करायचा निश्चय आहे आणि जो गावोगाव फिरून लिहायला कंटाळत नाही, त्यानं जरूर जावं. पोरगी असेल तर ‘एवढ्या लांब कशाला’ हा प्रश्न घरात येतोच. तिच्यासाठी वसतिगृहाची जागा पक्की झाल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही. त्यामुळं प्रवेशाच्या अर्जासोबतच वसतिगृहाचा अर्ज भरणं तिच्या बाबतीत सगळ्यात आधीचं काम.

निर्णयापूर्वी घरच्यांनी चार गोष्टी स्वतः कराव्यात. गेल्या तीन वर्षांतल्या आदिवासी विकास विभाग, आरोग्य विभाग आणि मोठ्या संस्थांच्या भरतीच्या जाहिराती काढाव्यात आणि किती ठिकाणी ‘मानवशास्त्र’ हा शब्द आहे ते मोजावं. विद्यापीठाच्या विभागात फोन करून गेल्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज काय करतात, हे विचारावं. त्या तुकड्यांतल्या निदान दोघांशी स्वतः बोलावं. आणि समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन शिष्यवृत्तीची रक्कम गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात जमा झाली, हे विचारून घ्यावं. या चार कामांना एक आठवडा आणि दोनशे-तीनशे रुपये लागतात. बियाण्याची पिशवी घेतानाही शेतकरी दोन दुकानं फिरतो आणि शेजाऱ्याला उगवण विचारतो.

जात व उत्पन्नाचे दाखले, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर आणि आधारशी जोडलेलं बँक खातं निकालाच्या आधीच तयार ठेवावं. पेरणीच्या दिवसांत तहसीलची गर्दी वाढते आणि दरवर्षी काही पोरांचे अर्ज फक्त दाखल्यापायी राहून जातात.